अंबरनाथला समुद्र नाही, एवढीच अडचण

नौदलाची एखादी निवृत्त पाणबुडी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात कुठेतरी आणून ठेवावी, तिला तिकीट लावावं आणि तिच्या पोटात भुताखेतांच्या चित्रकथांचं वाचनालय उघडावं, अशी एक सूचना इथे गंभीरपणे मांडायची आहे. ती ऐकून माणसं दोन ठिकाणी हसतील. काही जण 'अंबरनाथ' या शब्दावर हसतील, काही 'भुताखेतांच्या' या शब्दावर. पहिलं हसणं भूगोलाचं, दुसरं संस्कारांचं. दोन्हींना आमच्याकडे उत्तर आहे. निवृत्त पाणबुडी बघणं आणि भुतांची चित्रकथा वाचणं ही वरवर दोन वेगळी वेडं दिसतात, पण आतून ती एकच हौस आहे. आणि त्या हौसेची जेवढी पूर्वतयारी या तीन गावांची झालेली आहे, तेवढी उभ्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाची झालेली नाही.

आधी ही हौस काय आहे ते पाहू. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर 'आयएनएस कुरसुरा' उभी आहे. सोव्हिएत बनावटीची, ९१.३ मीटर लांब, १८ डिसेंबर १९६९ रोजी नौदलात दाखल झालेली आणि ३१ वर्षं नोकरी करून २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झालेली. २००२ मध्ये तिला पाण्यातून ओढून वाळूवर आणलं, आणि तेव्हापासून लोक तिकीट काढून तिच्या एका टोकाने आत शिरतात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. आत बघायला काय आहे? पाईप. पाईपांवर पाईप, त्यांच्यावर चाकं, चाकांमध्ये तबकड्या. बावीस टॉर्पेडोंची सोय, आणि माणसांची सोय टॉर्पेडोंची झाल्यावर जी जागा उरली तिच्यात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक. त्यातून आधी पाय घालायचा की आधी डोकं, यावर प्रत्येक कुटुंबात तिथल्या तिथे मतभेद होतात. सौंदर्याच्या कुठल्याही व्याख्येत न बसणारी ही वस्तू पाहून माणूस बाहेर येतो तो मात्र लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखा तृप्त. याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. ही नळी माणसं मारायला, आणि वेळ आलीच तर आतल्या माणसांसकट मरायला बांधलेली होती. तिच्यात शिरताना अंगावर काटा येतो, आणि त्याच क्षणी हेही ठाऊक असतं की डोक्यावर पाणी नाही, बाहेर खारे शेंगदाणे मिळतात आणि वाईटात वाईट म्हणजे कपाळाला पाईप लागेल. भीती तीच, फक्त तिला पेन्शन लागलेली. नोकरीत असताना ज्याच्या टेबलासमोर उभं राहायची छाती होत नसे, तो तहसीलदार निवृत्तीनंतर बागेतल्या बाकावर भेटला की किती गोड बोलतो! निवृत्त भीतीची गोडी ही त्याच जातीची.

आता चित्रकथा. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि ली फॉकने १९३६ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी जन्माला घातलेला फँटम मराठीत आला तो 'वेताळ' होऊन. बारसं करणाऱ्याला दाद द्यायला हवी. घट्ट कपडे, डोळ्यांवर काळी पट्टी, पांढरा घोडा आणि कवटीची अंगठी, असा तो परका गडी मराठी मुलांनी एका अंकात आपला मानला, कारण वेताळ हे स्थळ आपल्या ओळखीचं होतं. 'चांदोबा'त तो महिन्याच्या महिन्याला विक्रम राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगत होता आणि उत्तर मिळालं की पुन्हा झाडाला लोंबकळत होता. या भुतांची खुबी अशी की ती वाचकाच्या मुठीत असतात, आणि हे शब्दशः. सिनेमातलं भूत अंधारात, त्याच्या वेळेला आणि त्याच्या वेगाने येतं. आपण डोळे मिटले तरी आवाज येतच राहतो. चित्रकथेतलं भूत वाचकाच्या अंगठ्याच्या वेगाने चालतं. पुढच्या पानावर ते आहे असा संशय आला तर पान उलटायला घाई नाही. फारच धीर सुटला तर शेवटचं पान आधी पाहून घेता येतं. पुस्तक मिटलं की भूत चपटं होतं, आणि कोपऱ्यावरच्या वाचनालयात ते परत केलं की दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राहायला जातं. रचनाही बघा: पाणबुडीत कप्पे, चित्रकथेत चौकटी. दोन्हीकडे माणूस वाकून एका अरुंद जागेतून दुसऱ्या अरुंद जागेत शिरतो, पलीकडे काय असेल याची धास्ती घेत, आणि परतीचा रस्ता पाठीमागे उघडा आहे या भरवशावर.

दोन्ही हौसा एकाच घरच्या आहेत याचा सगळ्यात जुना पुरावा ज्यूल व्हर्नचा आहे. भा. रा. भागवतांमुळे हा फ्रेंच गृहस्थ मराठी मुलांच्या घरचा झाला, त्यामुळे त्याची ओळख करून द्यायला नको. त्याच्या कॅप्टन नेमोची 'नॉटिलस' ही पाणबुडी १८६९ मध्ये क्रमशः छापली जाऊ लागली, म्हणजे 'कुरसुरा'च्या बरोबर शंभर वर्षं आधी. आणि तिच्यात बारा हजार पुस्तकांचं वाचनालय होतं. तेव्हा पाणबुडीत वाचनालय ही आमची टूम आहे, असं कुणी म्हणू नये. पण खरी गंमत पुढच्या 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीत आहे. निर्जन बेटावर अडकलेल्या चार-पाच माणसांना कुणी अदृश्य शक्ती मदत करत असते. पोरगं तापाने फणफणलेलं असताना औषधाची डबी कुठूनशी टेबलावर येते, चाच्यांचं जहाज आपोआप फुटतं. देव म्हणावा की भूत, असा पेच. शेवटी बेटाच्या पोटातल्या गुहेत उलगडा होतो: तिथे कायमची अडकून पडलेली म्हातारी नॉटिलस, आणि तिच्यात म्हातारा नेमो. तो नेमो तरी कोण? बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला. म्हणजे भुताटकीच्या गोष्टीचा शेवट निवृत्त पाणबुडीच्या सहलीत झाला, आणि यजमान आपल्याकडचा निघाला! दीडशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने आमच्या प्रस्तावाचा कच्चा मसुदा करून ठेवलेला आहे. जागेचा रकाना तेवढा रिकामा आहे. उलट बाजूचा पुरावाही आहे. पहिल्या महायुद्धातल्या जर्मनीच्या 'यूबी ६५' या पाणबुडीवर मेलेल्या अधिकाऱ्याचं भूत हाताची घडी घालून उभं राहतं, अशी कथा आजवर चघळली जाते. खरं-खोटं सोडा. ज्या जहाजात जिवंत माणसांनाच एका बंकवर पाळीपाळीने झोपावं लागतं, तिथे भुताला उभं राहण्यावाचून गत्यंतर काय?

आता जागेच्या रकान्यात ही तीन गावं का, ते सांगतो. 'कुरसुरा'च्या जातीच्या पाणबुडीत साधारण पंचाहत्तर माणसं असत. लांबी ९१ मीटर, म्हणजे लोकलचे साधारण साडेचार डबे. साडेचार डब्यांत पंचाहत्तर माणसं! बदलापूरच्या भाषेत या गाडीला 'रिकामी' म्हणतात, आणि अशी गाडी फलाटावर आली तर ती कारशेडला चालली असणार, असं समजून कुणी चढतसुद्धा नाही. गर्दीच्या लोकलसाठी रेल्वेने 'सुपर डेन्स क्रश लोड' असा एक खास शब्दप्रयोग केलेला आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी, असा त्याचा अर्थ. एका चौरस मीटरमध्ये घरी आपण वॉशिंग मशीन ठेवतो आणि जागा अपुरी म्हणून कुरकुरतो. मुंबईपासून ६८ किलोमीटरचं अंतर रोज या अवस्थेत कापणाऱ्या माणसाला पाणबुडीतल्या हवेचं, वासाचं, घामाचं किंवा शेजाऱ्याच्या कोपराचं भय दाखवणं म्हणजे कोळ्याला पावसाचं भय दाखवण्यासारखं आहे. नौदलाला पाणबुडीच्या कामासाठी माणसं पारखून घ्यावी लागतात, कारण बंद जागेत डोकं ठिकाणावर ठेवणं सगळ्यांना जमत नाही. इथे ती पारख सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ अशी दोन सत्रांत आपोआप होते. विक्रम राजाची ती सुप्रसिद्ध अवस्थासुद्धा इथल्या प्रवाशाला समजावून सांगावी लागत नाही. खांद्यावर ओझं, कानाशी कुणाची तरी न संपणारी गोष्ट, आणि अट अशी की तोंड उघडायचं नाही. राजाने तोंड उघडलं की वेताळ झाडावर. प्रवाशाने तोंड उघडलं की चौथी सीट गेली.

उल्हासनगरचा दावा तर याहून पक्का आहे. लष्कराची निवृत्त वस्तू लोकांना राहायला, वापरायला दिली तर काय होतं, याचा देशातला फार मोठा प्रयोग म्हणजे उल्हासनगरच. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. युद्ध संपलं, फाळणी झाली, आणि सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये सिंधमधून उखडलेली कुटुंबं आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं. नाव मिळालं, पण छावणी जिभेवरून गेली नाही. आजही माणूस 'कॅम्प चार'ला राहतो, 'कॅम्प पाच'ला दुकान टाकतो आणि पत्त्यात बराकीचा नंबर सांगतो. जिथे शिपायांची हजेरी होत असेल तिथे आज जीन्स शिवली जाते, फर्निचर घडतं, आणि दालपकवानाच्या गाडीपुढे कुणी सावधान उभं राहत नाही. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी युद्धाची छावणी मोडून बाजारपेठ केली. ही गोष्ट कुठल्याही संग्रहालयापेक्षा मोठी आहे, आणि तिच्यावर विनोद करायची आमची हिंमत नाही. त्या मानाने एक पाणबुडी वापरात आणणं ही किरकोळ बाब. शिवाय झुलेलालांची तसबीर पाहा: शुभ्र दाढीचे वडीलधारे, सिंधूच्या पाण्यात माशावर आसनस्थ, हातात ग्रंथ. जलवाहनावर शांतपणे बसून वाचन करणं याची यापेक्षा प्रसन्न प्रतिमा जगात नसेल. आमच्या वाचनालयाने दारात लावायला ती आदरपूर्वक मागून घ्यावी.

अंबरनाथला तर खाली उतरून अंधारात शिरण्याची परंपरा जवळपास हजार वर्षांची आहे. वालधुनीच्या काठचं शिलाहारांचं शिवमंदिर शिलालेखाप्रमाणे शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६०. त्याचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरल्यावर शंकर भेटतो. दगडी अंगाची, अरुंद, थंड जागा, आणि तिथे वसलेला देव म्हणजे भूतनाथ, ज्याच्या वरातीत सगळं पिशाच्चमंडळ नाचत होतं. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगा, एकीखाली एक. वाचक भिंतीभोवती फिरतो आणि गोष्ट पुढे सरकते. याला चित्रकथा म्हटलं तर पुरातत्त्ववाले रागावतील, पण रागावताना त्यांना दुसरा शब्द सापडणार नाही. त्याच शतकात तिकडे काश्मीरमध्ये सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला आणि त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी घातल्या. एकीकडे कथेचा सागर, दुसरीकडे जमिनीखालचा देव. या दोन्हींचा संयोग व्हायला अकराव्या शतकात फक्त वाहतुकीची सोय कमी पडली.

यावर कुणी म्हणेल की देऊळ आणि लोकल ही पाणबुडीची नाती ओढूनताणून लावलेली आहेत. मान्य. म्हणून खरं, सरकारी शिक्क्याचं नातं राखून ठेवलं होतं. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये, अतिरिक्त औद्योगिक वसाहतीच्या अंगाला, नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे, डीआरडीओची. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झालेलं हे काम पुढे इथे आलं. या प्रयोगशाळेने काय केलं, हे इथल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहायला हवं. साध्या पाणबुडीची पंचाईत अशी की पाण्याखाली ती बॅटरीवर चालते, बॅटरी भरायला डिझेल इंजिन लागतं, आणि इंजिनाला चुलीसारखी हवा लागते. म्हणून दर थोड्या दिवसांनी तिला वर येऊन पाण्याबाहेर नळी काढावी लागते, आणि दबा धरून बसलेला शत्रू नेमकी त्या नळीची वाट बघत असतो. वाघाने शिकारीच्या मचाणाखाली येऊन शिंकावं, तशातला प्रकार. यावर उपाय म्हणजे एआयपी, हवेवाचून चालणारी यंत्रणा. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी फॉस्फरिक ॲसिडचा इंधनघट घेतला, हायड्रोजन पाणबुडीतच तयार करायची सोय केली, ऑक्सिजन द्रवरूपात बरोबर ठेवला; दोघांचा संयोग होऊन वीज मिळते आणि मागे उरतं ते पाणी. ८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. ३० डिसेंबर २०२४ रोजी ती यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकबरोबर सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. आणि या नमुन्याचं अधिकृत नाव काय? 'लँड बेस्ड प्रोटोटाइप'. जमिनीवरचा नमुना! पाणबुडीचा श्वास जमिनीवर घडवून, जमिनीवर तपासून झालेला असताना अंबरनाथला समुद्र नाही ही तक्रार कोणत्या तोंडाने करायची? औद्योगिक वसाहतीतून संध्याकाळी सुटणारा वास ज्यांनी एकदा घेतला आहे, त्यांना हवेवर अवलंबून न राहण्याच्या संशोधनाची निकड याच गावात का वाटली असावी, हेही सांगावं लागणार नाही.

तरी भूगोलाचा आक्षेप रीतसर निकालात काढू. 'कुरसुरा' आज वाळूवर आहे. ती तरंगत नाही. दुसऱ्या महायुद्धात पकडलेली जर्मन 'यू ५०५' ही पाणबुडी १९५४ पासून शिकागोच्या संग्रहालयात आहे, आणि शिकागोपासून समुद्र हजार किलोमीटरहून दूर. २०२४ मध्ये जर्मनीत 'यू १७' ही पाणबुडी झिन्सहाइमच्या संग्रहालयात पोचली ती नदीतून आणि गावागावांतल्या रस्त्यांवरून; नदीवरच्या पुलांखालून जावी म्हणून तिला कुशीवर वळवावं लागलं. शीळ फाट्याच्या वाहतुकीत रोज कुशीवर वळून पुढे सरकणाऱ्यांना यात अवघड काय वाटणार? (इथे रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा विनोद अपेक्षित आहे. तो करणाऱ्यांची संख्या खड्ड्यांपेक्षा जास्त झाल्यामुळे आम्ही रजा घेतो.) आणि पाणी अगदीच हवं असेल, तर ते इकडे स्वतःहून येतं. २६ जुलै २०१९ च्या रात्री कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली, आणि दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. त्या मोहिमेत नौदलाचे पाणबुडेही आले होते. म्हणजे नौदलाला बदलापूरचा रस्ता माहीत आहे. सगळे सुखरूप सुटले म्हणून हे हसत लिहिता येतं. ती भीतीही आता निवृत्त यादीत आहे, निदान पुढच्या जुलैपर्यंत.

खुद्द मुंबईत अशी एक वस्तू होतीच की, असं कुणी म्हणेल. होती. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांना दाखवली जात होती, २०१२ मध्ये ते बंद झालं, २०१४ मध्ये दारूखान्याला तिचं भंगार झालं. तिच्या लोखंडाचा काही भाग बजाजच्या मोटारसायकलीत गेला. तेव्हा बदलापूर स्टेशनाबाहेरच्या पार्किंगमध्ये 'विक्रांत'चा एखादा तुकडा या क्षणी साइड स्टँडवर उभा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मुंबईकरांना समुद्र असून जहाज ठेवता आलं नाही. समुद्र असण्याचा आणि जहाज टिकण्याचा संबंध किती, ते यावरून ठरवावं.

सिंधुदुर्गचा दावा जास्त गंभीर आहे. तिथे वेंगुर्ला तालुक्यात निवतीच्या समुद्रात पर्यटकांना पाणबुडीतून नेण्याची योजना आहे; २०२३ च्या डिसेंबरात ती गुजरातला पळवली की नाही यावर खडाजंगी झाली होती, म्हणजे योजना चांगलीच असणार. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौदलाची 'गुलदार' ही नौका तिथे बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचंही ठरलं आहे. त्यात याच वेंगुर्ल्यात आरवलीचा वेतोबा. भक्त त्याला चामड्याच्या थोरल्या वहाणा वाहतात, कारण देव रात्री गावावर फेरी मारतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. पाणबुडी आणि वेताळ एकाच तालुक्यात! कागदावर सिंधुदुर्ग जिंकलाच म्हणायचा. पण नीट पाहा: निवतीची पाणबुडी खरोखर पाण्याखाली जाणार, आणि आरवलीचा वेतोबा खरोखर गावाचा रखवालदार आहे. दोघंही कामावर आहेत. आपला विषय पेन्शनरांचा. वेतोबाला चित्रकथेत बसवायची कल्पना आरवलीत काढून बघावी. वहाणा कशासाठी असतात ते कळेल.

संस्कारांचा आक्षेप वेगळ्या सुरात येतो. भुताची पुस्तकं मुलांना भित्रं करतात, वर अंधश्रद्धा वाढवतात, आणि ज्या महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तिथे हे शोभत नाही. आक्षेप जुना आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत अशीच ओरड होऊन प्रकाशकांनी आचारसंहिता लिहिली. तीत रक्तपिपासू, चालती प्रेतं आणि लांडगामाणसं यांना बंदी झाली, आणि अंकाच्या नावात 'हॉरर' हा शब्द वापरायलाही मनाई झाली. त्यामुळे अमेरिकेतली मुलं निर्भय झाल्याचं काही दिसलं नाही. १९७१ मध्ये नियम सैल करून रक्तपिपासूंना पुन्हा कामावर घेतलं. मुद्दा असा की कायद्याला चीड आहे ती भुताच्या नावाने पैसे उकळणाऱ्या आणि माणसं छळणाऱ्या मांत्रिकाची. चित्रकथेतलं भूत लिंबू मागत नाही, कोंबडं मागत नाही. छापील किंमत घेतं आणि रद्दीत अर्ध्या किमतीला मिळतं. त्यातही आपला इंद्रजालचा वेताळ घ्या. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा चारशे वर्षं जिवंत असलेला अमर आत्मा आहे. वाचकाला मात्र पहिल्या पानापासून सांगितलेलं असतं की हा बापामागून मुलगा असा चाललेला एकविसावा माणूस आहे, तोच पोशाख घालून. म्हणजे बुवाबाजी कशी उभी राहते, याचं इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक दुसऱ्या कुठल्या बालवाङ्मयात आहे? ज्या पोराने दहाव्या वर्षी ते वाचलं, त्याला पुढे कुणी 'आमच्या महाराजांचं वय दोनशे वर्षं' असं सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न कपड्यांच्या मापाचा असेल. नारायण धारपांच्या भयकथा वाचून अंधारात हात-पाय गार पडलेली पिढी पुढे बँकेत लागली, कर्ज फेडत बसली आणि रात्री दिवे मालवून झोपू लागली. झोप उडवायला भुतापेक्षा हप्ता पुरेसा असतो.

सगळ्यात टोकदार आक्षेप मात्र याच तीन गावांतून येईल, आणि त्यापुढे थोडं थांबायला हवं. आठवड्याचे सहा दिवस जो माणूस कोंदट नळीत उभा राहून जातो, त्याने रविवारी पैसे मोजून आणखी एका कोंदट नळीत का शिरावं? हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, कारण लोकलची भीती अजून नोकरीत आहे. ती वेळेवर येते, रजा घेत नाही, आणि दारात लटकलेल्या पोराच्या घरी संध्याकाळी फोन वाजेपर्यंत तिचं काम चालू असतं. तिच्याकडे गंमत म्हणून पाहायला अजून कुणाला सवड झालेली नाही. पाणबुडीत आणि पुस्तकात मिळते ती नेमकी ही सवड. तिथली नळी हलत नाही. मागचा धक्का देत नाही. अंगावर काटा येऊन गेल्यावर तो का आला याचा विचार करत बंकवर बसता येतं, आणि हातात वेताळ असतो, जो पान उलटेपर्यंत वाट बघतो. अशी वाट बघणारी एकही गोष्ट सकाळच्या ८ नंतर या मार्गावर सापडायची नाही. बरं, पंचाहत्तर माणसांच्या जागेत पंचाहत्तरच सोडायची असा नियम केला, तर बदलापूरकराला एका तिकिटात आयुष्यात प्रथमच कळेल की साडेचार डब्यांत किती हवा मावते.

व्यवस्थेचे तपशील कठीण नाहीत. टॉर्पेडोंच्या कोनाड्यांत इंद्रजालचे जुने अंक आडवे राहतील. त्यांची जाडी पाहता बावीस टॉर्पेडोंच्या जागेत सगळे अंक बसून 'चांदोबा'चीही सोय होईल. पेरिस्कोपाशी मुलांची रांग लागेल, म्हणून तिथे वाचायला बंदी. उन्हाळ्यात लोखंड तापतं, तेव्हा मे महिन्यात वेळ संध्याकाळचीच ठेवावी; भुतांनाही तीच सोयीची. एकच अडचण अशी आहे की तिच्यावर आम्हाला उपाय सुचलेला नाही. 'कुरसुरा'त रीत सरळ आहे: एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. इथे पहिल्या रविवारी ती चालेल. दुसऱ्या रविवारपासून जाणती मंडळी बाहेर पडायच्या दाराशी रांग लावतील, उलट्या दिशेने आत शिरतील, आणि पुढच्या दाराने येणाऱ्यांना सगळे बंक भरलेले, खिडकी नसलेल्या जागी खिडकीचा रुमाल टाकलेला, आणि एका कोपऱ्यात पत्त्यांचा डाव मांडलेला दिसेल.